पा. जांभूळ

"मामा, तुम्ही भलतीच फांदी आणलीत," मी म्हणाले. "ही जांभळाची नाही."

ढेबेमामा टेबलावर अंथरलेल्या पांढऱ्या चादरीच्या सुरकुत्या तळहाताने दाबत होते. त्यांनी मान वर केली. सोलापूरच्या पोरीने जावळीच्या खोऱ्यातल्या माणसाला झाड शिकवावं, याचं जेवढं हसू यायला हवं तेवढं त्यांना आलं. म्हणाले, संस्थेच्या मागच्या अंगाला जे जांभूळ आहे त्याचीच ही फांदी. त्याची जांभळं गेल्या ज्येष्ठात तुम्हीच ओंजळभर खाल्लीत आणि जांभळी जीभ काढून सगळ्या विभागाला दाखवत फिरलात.

तेही खरंच होतं. मग माझ्या डाव्या हातात होतं ते पान कशाचं?

उजव्या हातात ताज्या फांदीचं पान होतं. चकचकीत, गुळगुळीत कडेचं, आणि कडेच्या किंचित आतून एक बारीक शीर साडीच्या काठासारखी पानभर फिरलेली. डाव्या हातात पाकिटातलं वाळलेलं पान होतं, ज्याच्यावर माझी बुरशी होती. त्याला तो काठ नव्हता. उलट कडेला बारीक दाते होते. दोन वर्षं मी हे पान सूक्ष्मदर्शकाखाली घालत होते, त्यावरच्या बुरशीचा केसन् केस मोजला होता. पानाकडे पान म्हणून बघायची बुद्धी मला त्या दिवशी पहिल्यांदा झाली.

ही गोष्ट एकोणीसशे शहाऐंशीच्या नोव्हेंबरातली. चार दिवसांनी आमच्या सरांचा निरोपसमारंभ होता आणि त्यासाठीच आम्ही ते टेबल आधी एकदा मांडून बघत होतो.

सर म्हणजे डॉ. दिगंबर सरपोतदार. पुण्यातल्या आमच्या संस्थेच्या बुरशी विभागाचे प्रमुख आणि माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक. माणसं आयुष्यात दहा विषय धरतात आणि सोडतात. सरांनी एकच धरला, मेलिओलेलिस नावाचा बुरशांचा गण. ओलसर रानातल्या झाडांच्या पानांवर मखमलीसारखे गोल काळे डाग दिसतात, ते यांचे. लोक सरसकट काजळी म्हणतात. खरी काजळी किड्यांनी सांडलेल्या गोड चिकट्यावर जगते आणि ओल्या बोटाने पुसली की जाते. ही पुसून जात नाही. पानाच्या पेशींत बारीक शोषक रोवून ती बसते, रोजचं पोटापुरतं घेते आणि पान मात्र मरू देत नाही, कारण पान मेलं की तीही मेली. काचेच्या तबकडीत घालून कितीही लाड करा, वाढणार नाही. तिला जिवंत पानच लागतं. "भाडेकरू असावा तर असा," असं सर वर्गात म्हणायचे, आणि वर्ग पुण्यातला असल्यामुळे पोरांना ते लगेच पटायचं.

हिच्या मोठ्या घराण्याला थैलीधारी बुरशा म्हणतात, कारण यांचे बीजाणू एका इवल्याशा थैलीत तयार होतात. बाकीच्या बऱ्याच भावंडांच्या थैलीत आठ-आठ बीजाणू असतात. हिच्या थैलीत दोन, फार तर चार. तेही पाच खणांचे, तपकिरी, ऐटबाज. आणि ते पिकले की थैली आपली विरघळून जाते. ज्या थैलीवरून घराण्याचं नाव पडलं ती शोधायला गेलं तर सहसा सापडत नाही. मला पहिल्यांदा अख्खी थैली दिसली, तेव्हा सरांनी सगळ्या विभागाला चहा पाजला होता. एवढ्या मोठ्या माणसाला एवढ्याशा थैलीचा इतका आनंद होतो, हे बघून मी त्याच दिवशी ठरवलं की यांच्याच हाताखाली काम करायचं.

या गणात दोनेक हजार जाती. त्या ओळखायला आकड्यांचं एक सूत्र आहे: चार आकडे, मग टिंब, मग आणखी चार. बीजाणूत पडदे किती, काळ्या केसांची टोकं सरळ की फुटलेली, बीजाणू किती लांब, किती रुंद, असं सगळं त्यात बसवलेलं. पण गंमत अशी की एकाच सूत्राच्या पाच-दहा बुरशा निघतात, वेगवेगळ्या झाडांवर. म्हणून ओळखपुस्तक सुरूच होतं ते झाडाच्या कुळापासून. "आधी झाड, मग बुरशी," असं सर दिवसातून एकदा तरी म्हणत. घर चुकलं की माणूस चुकलाच.

माझी बुरशी जांभळावर होती. तिचं सूत्र आलं ३१११.४२३४. जांभळाच्या कुळावरच्या झाडून साऱ्या बुरशा धुंडाळल्या, या आकड्यांची एकही नव्हती. म्हणजे नवी जाती. सरांना तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. त्या काळी मोतीबिंदू पिकेपर्यंत शस्त्रक्रिया करत नसत, आणि सरांचा काही पिकत नव्हता. त्यामुळे दोन वर्षं सूक्ष्मदर्शकात मी बघायची आणि त्यांना सांगायची. माझे डोळे आणि त्यांचं डोकं, असा संसार. या बुरशीच्या वेळी त्यांनी मला तीनदा विचारलं, "जांभूळ नक्की ना?" आणि तिन्ही वेळा मी ठणकावून "नक्की" म्हणाले. पाकिटावर ढेबेमामांच्या हातचं लिहिलेलं होतं, "पा. जांभूळ". आणखी काय पाहिजे?

निबंध मी एकटीच्या नावाने लिहिला. सरांनी ओळ न् ओळ ऐकून तपासला, लॅटिन वर्णन घोटून घोटून दुरुस्त केलं. नवीन जातीच्या नावाची जागा मात्र मी कोरी ठेवली होती. शेवटच्या मुद्रितात ती भरली: मेलिओला सरपोतदारी. सरांनी तोवर एकसष्ट जातींना नावं दिली होती. जागांची, झाडांची, माणसांची. त्यांतली एकही कुणाला खोडता आली नव्हती, आणि स्वतःच्या नावाची त्यांनी एकही कुणाला करू दिली नव्हती. म्हणून ही भेट त्यांच्यापासून लपवून ठेवली होती. अंक छापून आला होता. समारंभात तो सरांच्या हातात द्यायचा, टेबलावर मूळ पाकीट मांडायचं, शेजारी जांभळाची ताजी फांदी आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं कार्ड, असा माझा बेत होता. हौसेला मोल नसतं म्हणतात, तशातली गत.

आणि आता दोन पानं दोन तऱ्हेची दिसत होती.

मी ताजं पान उजेडासमोर धरलं. त्यात सुईने टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसले, जांभळाच्या कुळात असतात तसे तेलाचे. वाळलेलं धरलं. एकही ठिपका नाही. माझी पाचावर धारण बसली.

"मामा, जरा हे बघा," मी म्हणाले.

ढेबेमामा आमच्या विभागाचे संग्राहक. कागदोपत्री शिपाई, पण त्यांना शिपाई म्हणायची कुणाची छाती नव्हती. सरांबरोबर ते आधीपासूनच रानात हिंडत; कोयनेच्या धरणात गाव गेलं तेव्हा सरांनी त्यांना पुण्याला आणलं होतं. तेव्हापासून दर मोसमात ते रानात जायचे आणि पोतंभर पाकिटं घेऊन यायचे. झाडाच्या बाबतीत हा माणूस देवळातल्या पुजाऱ्यापेक्षा सोवळा. एकदा पोत्यात कुठल्याशा दोन फांद्यांची सरमिसळ झाल्याचा संशय आला, तर अख्खं पोतं ओतून टाकून पुन्हा एसटीत बसले होते.

त्यांनी पाकीट घेतलं, पान बघितलं. मग टेबलावरचं माझं कार्ड बघितलं. वाचायला ते नोकरीत आल्यावर शिकले होते, त्यामुळे ओठ हलवत, सावकाश वाचत. पहिल्या ओळीवर त्यांचे ओठ थांबले. दुसऱ्या ओळीत "यजमान झाड: जांभूळ" असं होतं. पाकीट त्यांनी हळूच खाली ठेवलं आणि म्हणाले, "जांभळाच्या लई परी असत्यात ताई. ऱ्हाऊ द्या."

तीस वर्षं झाडांत काढलेला माणूस मला चक्क थाप मारत होता, आणि सवय नसल्यामुळे ती त्यांना नीट मारताही येत नव्हती.

"मामा, यावर पा. लिहिलंय ते काय?"

"पान," ते म्हणाले. फार पटकन म्हणाले.

मीही ते पानच समजले होते. मी आधी शेजारच्या लाकूड कुजवणाऱ्या बुरशांच्या विभागात होते. तिथल्या पाकिटांवर पा. म्हणजे पान, सा. म्हणजे साल, फां. म्हणजे फांदी असंच लिहीत. पण त्या क्षणी माझ्या मठ्ठ डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला की आमची बुरशी राहतेच मुळी पानावर. प्रत्येक पाकिटात पानच असतं. मग मामा ते लिहितील कशाला? मी बाजूच्या खोक्यातली वीस-पंचवीस पाकिटं उलटीपालटी केली. हिरडा, पिसा, अंजनी, हिरडा. एकावरही पा. नव्हतं.

मी ते पाकीट पुन्हा त्यांच्यापुढे धरलं. शेवटी मामांनीच सुस्कारा सोडला.

"पारजांभूळ," ते म्हणाले.

"म्हणजे जांभळाचाच भाऊ ना?" मी अजूनही काडीचा आधार शोधत होते.

"नावाचा. रगताचा न्हाई. फळ जांभळावानी दिसतं म्हून मानसं म्हनत्यात." मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, मी कुनाला बोलनार न्हाई. पा. म्हंजी पान. संपलं."

आणि पाणी आणायच्या निमित्ताने निघून गेले.

पारजांभूळ जांभळाच्या कुळातलं नाहीच. ते जाई-मोगऱ्याच्या कुळातलं. सोलापूरकडे झाड म्हणजे कडुनिंब आणि बाभूळ. जांभूळ मी पाटीत बघितलेलं, फांदीवर नाही. म्हणून काही माफी मिळत नव्हती. "आधी झाड" हे चार अक्षरांचं वाक्य मला दोन वर्षांत पाळता आलं नव्हतं. तीनदा "नक्की" म्हणाले होते, तेही डोळ्यांनी अधू झालेल्या माणसाला, ज्याने माझ्या डोळ्यांवर भिस्त ठेवली होती.

मी काही संतसज्जन नाही. तासभर मी तिथेच बसून राहिले आणि मनाशी हिशेब मांडला. अंक छापून झालाय. पाकिटावर पा. आहे. पान वाळकं आहे, फूल नाही, फळ नाही. कोण उठून बघणार? मामा बोलणार नाहीत. मी बोलले तर माझा प्रबंध वर्षभर मागे जाणार, निम्मा त्या बुरशीवर उभा होता. आणि त्याहून वाईट म्हणजे सरांच्या नावाची एकुलती एक जाती, त्यांच्याच विद्यार्थिनीच्या गाढवपणामुळे, त्यांच्याच निरोपाच्या दिवशी खोटी ठरणार. गप्प बसण्यात सरांचंच भलं आहे, इथपर्यंत मी स्वतःला आणलं होतं. माणूस आपल्या सोयीसाठी दुसऱ्याचं भलं किती चटकन शोधून काढतो, याचं मला आजही नवल वाटतं.

पण एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. मामा थाप का मारत होते? चूक माझी होती. त्यांनी लिहिलेलं बरोबर होतं. त्यांना कुणी बोल लावला नसता.

मी ग्रंथालयात गेले आणि सूचीतला जाई-मोगऱ्याच्या कुळाचा खण ओढला. या कुळावरच्या मेलिओला काही फार नाहीत. पारजांभळावरचं तर एकच कार्ड निघालं, पिवळं पडलेलं, कडेला कसर लागलेलं. त्यावर टंकलेलं होतं: मेलिओला ढेबेई, सरपोतदार, १९५८. आणि खाली, आकडा न् आकडा माझाच: ३१११.४२३४. त्याखाली शाईने बारीक अक्षरात सरांनी लिहिलं होतं, "एकदाच मिळाली. जागा धरणाच्या पाण्याखाली. बहुधा संपली."

लॅटिनमध्ये माणसाच्या नावाला शेपटी लागली की ते नाव बुरशीचं होतं, हे मला ठाऊक होतं. पण खोलीत रोज माझ्या टेबलावर ओलं फडकं फिरवणारा माणूस असा शेपटीसकट कार्डावर भेटेल, हे कधी मनात आलं नव्हतं. मी कार्ड हातात धरून तशीच उभी राहिले.

मामा मागच्या खोलीत पाकिटं बांधत बसले होते. मी कार्ड त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"सायबांनीच सांगितलं व्हतं तवा. मी घरी जाऊन कारभारनीला सांगितलं. ती म्हनली, मानसाच्या नावानं देऊळ बांधत्यात, साळा काढत्यात, तुमच्या नावानं बुरशी?" ते जरा हसले. मग गाठ मारता मारता म्हणाले, "ताई, तीस वरसं मी सायबासंगं बुरशी गोळा केली. त्यांच्या नावाची एक बी न्हाई. माझ्या नावाची हाय. हे बराबर दिसतं का? आता कुटं एक झाली, तर ती बी माझ्या नावाखाली जायची. मी कशाला त्वांड उघडू?"

झाडाच्या बाबतीत कधी खोटं न बोललेल्या माणसाने आयुष्यातली पहिली थाप मारली होती, ती आपलं नाव खाली राहावं म्हणून. आणि मी तासभर जो हिशेब करत होते त्यात मी कुठे होते, ते मला अगदी स्वच्छ दिसलं. मला माझी लाज वाटली, आणि त्या माणसाबद्दल इतकं भरून आलं की मी तिथून उठूनच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आल्या आल्या मी त्यांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. पा. म्हणजे पान, दाते, ठिपके, सगळं. सर ऐकत होते. त्यांचा चेहरा हलला नाही. मी थांबल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "१९५८ चं वर्णन आणा. वाचा."

मी वाचायला लागले. ते बोटांवर एकेक खूण धरत होते. बीजाणू पाच खणांचे. माझेही पाच खणांचे. केस सरळ, टोक बोथट, माझेही. लांबी, रुंदी, बीजाणू धरणाऱ्या फळगोळ्याचा व्यास. आठव्या आकड्याला त्यांची बोटं थांबली.

"तीच," ते म्हणाले. आणि मग जे झालं त्याला मी तयार नव्हते. सरांचा चेहरा एकदम उजळला. "अहो बिराजदार, तीच! म्हणजे ती बुडाली नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की ढेब्यांचं गाव गेलं त्याबरोबर तीही गेली. वर डोंगरावर कुठेतरी पारजांभळावर बसून राहिली होती. कुठलं पाकीट? कुठल्या गावच्या वरचं?"

मी गाव सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले आणि वर छताकडे बघत कितीतरी वेळ नुसते हसत राहिले. माझा गाढवपणा त्यांच्या खिजगणतीतही नव्हता. त्यांची हरवलेली बुरशी सापडली होती.

मग त्यांना आठवलं. "बरं, तुम्ही नाव काय दिलं होतंत?"

हे सांगायचं मी टाळत होते. "सरपोतदारी," मी म्हणाले.

एकाच दमात मी त्यांना भेट दिली आणि ती काढूनही घेतली. सर खुर्चीत सरळ झाले. मग म्हणाले, "म्हणजे मी छापून आलो, आणि गेलोही, आणि मला पत्ताच नाही." ते हसत होते, पण थोडे हलले होते, हे मला दिसलं. "ढेब्यांना माहीत आहे हे?"

मी मामांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. कारभारणीचेसुद्धा. सरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मग ते म्हणाले की आता लिहून घ्या. पुढच्या अंकासाठी दुरुस्ती, तुमच्या नावाने. समारंभात आधी तुम्ही उभ्या राहायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं.

"सर, आणि माझा प्रबंध?"

"एक प्रकरण कमी होईल. वर्ष जाईल एखादं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझा आवाज होता त्या दिशेला बघितलं. "आपली चूक दुसऱ्याने काढायच्या आत आपण काढावी, बिराजदार. मग ती शास्त्रात जमा होते. दुसऱ्याने काढली की ती नुसती चूक."

त्यांनी मला नियमही समजावून सांगितला, जो मला परीक्षेपुरता पाठ होता. एकाच जातीला दोन नावं पडली तर आधीचं खरं. पण नंतरचं नाव पुसता येत नाही. एकदा छापलं की छापलं. जगातल्या कुठल्याही यादीत ते खऱ्या नावाच्या खाली, जरा आत सरकवून, कायम लिहावं लागतं. म्हणजे यापुढे ढेबेई जिथे जाईल तिथे सरपोतदारी तिच्या पाठोपाठ जाणार. हे सांगताना सर फार खुशीत होते. एखाद्या बढतीचा कागद आल्यासारखे.

समारंभात मी बोलले. तीनदा "नक्की" म्हटल्याचं सांगितलं तेव्हा सभागृहात हशा झाला, आणि शेजारच्या विभागाचे प्रमुख, जे माझ्या प्रबंधाच्या समितीवर होते, ते हसले नाहीत. माझा प्रबंध पुढे दीड वर्षाने मान्य झाला. नंतर मीही याच गणात पस्तीस वर्षं काढली, पुष्कळ विद्यार्थी तयार केले, आणि एकाच्याही हातात झाडाची फांदी आधी दिल्याशिवाय सूक्ष्मदर्शक दिला नाही. पण त्या दिवसाचं मला जे आठवतं ते भाषण नाही. माणसं पांगल्यावर, चहाचे कप गोळा होत असताना, टेबलापाशी आम्ही तिघंच उरलो होतो ते.

जांभळाची फांदी मी काढून टाकली होती. पाकिटाशेजारी नवं कार्ड होतं. वर मोठ्या अक्षरात मेलिओला ढेबेई. खाली, लहान अक्षरात, जरा आत, मेलिओला सरपोतदारी. मामांनी ते ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं. ते सारा दिवस कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

"ताई, हे वरखाली झालंय," ते म्हणाले. "सायबाचं नाव वर घ्या."

"घेता येत नाही मामा. आधीचं असतं तेच वर."

"कुनी केला असला नियम?" हे त्यांनी सरांकडे बघून विचारलं. सर मनात आणतील तर आत्ता बदलतील, अशी त्यांची खात्री होती.

सरांनी टेबलाची कड हाताने चाचपली आणि मामांच्या शेजारी येऊन उभे राहिले. "ढेबे, आपण रानात जायचो तेव्हा पुढे कोण असायचं?"

"मीच की. तुमास्नी वाट कुटं ठावं व्हती."

"आणि मागे?"

"तुमी."

"मग तसंच लिहिलंय," सर म्हणाले.

मामा कार्डाकडे बघत राहिले. कप गोळा करणारा माणूस आला, ताटली घेऊन गेला. बाहेर कुणीतरी सरांना हाका मारत होतं.

"तुमी लई घसरायचा," मामा म्हणाले. "दर धा पावलांवर मला मागं वळून बघाय लागायचं."

"बघायचात ना?"

"बघायचो."

सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं दाराकडे निघाले. दिसत नसल्यामुळे सर अर्धं पाऊल मागे होते.